तरवड उपटू नका, परसात लावा



नवरात्र आलं की आमच्या माणदेशात तरवडाला नऊ दिवस भाव येतो. घटावर सोडायच्या माळेसाठी पोरं सकाळी सकाळी माळावर जातात आणि पिशवीभर पिवळी फुलं घेऊन येतात. दसरा झाला की तेच झाड परत "रान माजलंय" या सदरात जमा. कुणी कुऱ्हाड लावतं, कुणी जेसीबी घालतं, आणि आता तर चार्जिंगचा पंप पाठीवर घेऊन तणनाशक मारायची चाल पडलीय. बांध कसा गुळगुळीत दिसला पाहिजे, नुकतंच टक्कल केल्यासारखा. का दिसला पाहिजे, हे मात्र कुणी सांगत नाही.

आजची नोंद या तरवडावर आहे. माझं म्हणणं असं की ज्याचं घर ५०० मिलिमीटरच्या आतल्या पावसाच्या गावात आहे, त्यानं परसात आणि कुंपणाला पहिलं फुलझाड लावायचं ते तरवड. गुलाब, मोगरा, जास्वंद काय हौस असेल ती नंतर करा, हंड्याला पाणी उरत असेल तर.

आधी झाडाची ओळख नीट करून घेऊ, कारण पिवळं फूल दिसलं की लोक काहीही तरवड म्हणून दाखवतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकात कॅसिया ऑरिक्युलाटा सापडेल, झाड तेच. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. पानाच्या देठाच्या बुडाला बघा, कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी पानोळी दोन्ही बाजूला चिकटलेली असते. ती दिसली की तरवड नक्की. पान चिंचेसारखं जोडपर्णी, पण पर्णिका मोठ्या, साधारण ८ ते १२ जोड्या. फूल चांगलं दोन बोटं रुंद. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, वाळली की वाऱ्यावर वाजते. टाकळा वेगळा. तो पावसाळ्यात उगवतो आणि हंगाम संपला की मरतो, त्याच्या पर्णिका ३ च जोड्या आणि शेंग विळ्यासारखी बारीक, वाकडी. तरवड एकदा लागलं की वर्षानुवर्षं हटत नाही.

हे झाड आपलं, इथलं आहे. भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या भागातलं मूळचं. तमिळमध्ये आवारम्, तेलुगूत तंगेडू. तेलंगणानं वेगळं राज्य झाल्यावर याच तंगेडूला राज्यफूल केलं, आणि बतुकम्माच्या सणात बायका याच फुलांचे थर रचतात. आपण माळ घालतो, ते थर रचतात. दख्खनच्या पठारावर देवीला वाहायला पाऊस सरताना दुसरं कुठलं फूल एवढं फुकट आणि एवढं भरपूर मिळणार होतं?

आता पाण्याचं. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा, २०१८ चा आठवा. चारा छावण्या लागल्या होत्या, बागा जळून गेल्या, बोअर कोरडे पडले. त्या काळात आमच्या माळावर हिरवं म्हणून जे काही दिसत होतं त्यात तरवड होतं. यामागं काही चमत्कार नाही. त्याचं सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोल जातं. पर्णिका लहान, त्या रात्री मिटतात. फारच ताण पडला तर झाड खालची पानं टाकतं आणि शेंड्यावर तग धरून राहतं. वरून कापलं, अगदी जमिनीलगत कापलं, तरी बुडख्यातून परत फुटतं. हा गुण जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता. कातडी कमावायला बाभळीच्या सालीसारखीच तरवडाची सालही वापरत. दक्षिण भारतात तर तरवडाच्या सालीवर कातडी कमावायचा मोठा धंदा होता, माल परदेशात जायचा. झाड बुडाशी कापायचं, साल सोलायची, पुढच्या पावसात ते परत फुटायचं. पुढं आफ्रिकेतून वॅटलच्या सालीचा अर्क आला, मग रसायनं आली आणि तरवडाचं गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक गेलं की आपल्याकडं झाडाचं तण होतं, हा नियमच आहे.

पण मला आज सांगायचंय ते सालीचं नाही, फुलाचं.

तरवडाच्या फुलात मध नसतो. थेंबभरही नाही. मग त्याच्यावर एवढा घूंघूं आवाज कशाचा असतो? सकाळी आठ-नऊला भरलेल्या तरवडाजवळ पाच मिनिटं उभं राहून बघा. काळा, अंगठ्याच्या पेराएवढा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो, पंख जवळजवळ थांबवतो आणि अंगातल्या स्नायूंनी जोरात थरथरतो. आवाज एकदम बदलतो, बारीक आणि चढा होतो. त्या थरथरीनं परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून पराग भुर्रकन उडतो आणि भुंग्याच्या पोटाला चिकटतो. मिठाच्या डबीला वरून भोकं असतात, हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसा प्रकार. फुलाचे पुंकेसर १०, त्यातले वरचे ३ वांझ, खालचे मोठे. भुंगा मधल्यांवर पोट भरतो आणि खालचे मोठे त्याच्या अंगाला पराग लावून पुढच्या फुलाकडं पाठवतात.

ही थरथर मधमाशीला जमत नाही. सातेरी, आग्या, फुलोरी, पेटीतली इटालियन माशी, कुणालाच नाही. जमते ती सुतार भुंग्याला आणि निळ्या पट्ट्याच्या एकट्या राहणाऱ्या माशीला, आणि त्यांच्यासारख्या आणखी काही रानमाश्यांना.

आता परसात या. परसात आपण काय लावतो? वांगी, टोमॅटो, मिरची. वांग्याचं फूल उघडून बघा. पिवळे परागकोश एकत्र उभे, टोकाला भोक. तीच मिठाची डबी. टोमॅटोचंही तसंच, फक्त त्याची चीर आतल्या बाजूला असते. वांगी आणि टोमॅटो स्वतःच्या परागानं धरतात हे खरं, वाऱ्यानं फूल हललं तरी काम भागतं. पण थरथरणारी माशी येऊन गेली तर पराग भरपूर पडतो, फळ नीट भरतं. युरोपात काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबलबी नावाच्या केसाळ माशीच्या पेट्या विकत आणून ठेवतात. आपल्याकडं ती माशी हिमालयात आहे, पठारावर नाही. पठारावर ते काम करणारे मजूर म्हणजे सुतार भुंगा आणि निळ्या पट्ट्याची माशी. त्यांना मजुरी नाही, मुक्कामाला जागा आणि वर्षभर खायला एवढंच पाहिजे.

हा "वर्षभर" शब्द महत्त्वाचा. शेवग्याला मुख्यतः सुतार भुंगाच परागीकरण करतो. तुरीच्या फुलावरही तोच येतो. पण शेवगा काही बारा महिने फुलत नाही आणि तूर तर दोन महिन्यांची पाहुणी. मधल्या काळात भुंग्यानं काय खायचं? तरवड पाऊस सरताना भरास येतं आणि थोडीफार फुलं वर्षभर देत राहतं. परागाचा हा आधार तुटला की भुंगा दुसरीकडं जातो. फुलात मध नाही हे मी वर मुद्दाम सांगितलं, कारण नुसत्या तरवडावर भुंग्याचं भागणार नाही. मधासाठी शेजारी तुळस पाहिजे, रुई पाहिजे, शेवगा पाहिजे. रुईच्या फुलावर सुतार भुंगा किती येतो ते बघा एकदा. आणि रुईसुद्धा आपण उपटतोच.

माझं वीस गुंठे शेवगा आहे. त्याच्या उगवतीच्या बांधाला तरवडाची रांग आहे, आपोआप आलेली, मी फक्त ठेवली. मावळतीचा बांध सामाईक आहे आणि पलीकडच्या बाजूनं तीन वर्षं तणनाशक चाललंय. मी शास्त्रज्ञ नाही, ओळी पाडून प्रयोग केलेला नाही, त्यामुळं टक्केवारी सांगत नाही. पण सकाळी शेंगा तोडताना भुंग्यांची वर्दळ कुठल्या बाजूला जास्त आहे हे तोडणाऱ्या बायाच सांगतात. "तिकडं तुम्हीच तोडा, तिथं ते काळं लई घोंगावतंय," म्हणतात. तिकडं म्हणजे तरवडाकडं. त्यांना भीती वाटते, पण सुतार भुंगा माणसाच्या वाटेला जात नाही. अंगावर घोंगावत येतो तो नर, आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती डसत नाही. कृषी विद्यापीठातल्या कुणी विद्यार्थ्यानं हे नीट मोजायचं ठरवलं तर माझं रान उघडं आहे.

मागं आमच्या भागातले एक तरुण कृषी सहायक आले होते. चांगला पोरगा, शिवारात फिरणारा. म्हणाला, "काका, बांधावर असली झुडपं ठेवली की कीड लपून राहते. आम्ही तर बांध स्वच्छ ठेवायला सांगतो." मी म्हणालो, "साहेब, तुमचं गाजरगवताच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे." गाजरगवतावर कापसाचा पिठ्या ढेकूण वाढतो, ते काढलंच पाहिजे. पण "बांधावरचं सगळं हिरवं म्हणजे तण" हे गणित कुणी शिकवलं? तरवडाची पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्या दिसतात त्या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या. त्या तरवड, टाकळा असल्याच कुळावर जगतात, तुमच्या ज्वारीला नाही लागत. चार दिवस झाड फाटकं दिसेल, परत फुटेल. त्यावर औषध मारायचं काही कारण नाही. पोरानं वहीत लिहून घेतलं. पुढं काय केलं माहीत नाही.

तणनाशकाबद्दल एवढंच बोलतो की केंद्र सरकारनं २०२२ साली ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली, आणि आपल्या बांधावर ते चहासारखं सर्रास चालू आहे. बांधाची माती धरून ठेवणारं मूळ मारायचं आणि मग पावसात बांध फुटला म्हणून भावकीत भांडायचं.

दुसरी तक्रार रोपवाटिकांची. तरवडाचं रोप मागितलं की हसतात. "ते काय विकायचं असतं व्हय?" आणि त्याच रोपवाटिकेत पिवळ्या फुलाचं "कॅशिया" म्हणून परदेशी झाड ऐटीत ठेवलेलं असतं. या सेन्ना कुळातलंच सेन्ना स्पेक्टाबिलिस नावाचं अमेरिकेतलं झाड शोभेसाठी आणलं आणि आज वायनाड, मुदुमलाईच्या जंगलात ते आवरता आवरत नाही. त्यामुळं पिशवीवरचं नाव वाचून घ्या. कॅशिया म्हटलं म्हणजे तरवड नव्हे.

तिसरी तक्रार लागवडीवाल्यांची. आमच्या शेजारच्या माळावर एका योजनेत वृक्षलागवड झाली. संस्थेचं नाव घेत नाही. जेसीबीनं चर मारले, चरात आलेलं तरवड, बोर, हेकळ सगळं उपटून बाजूला टाकलं, आणि खड्ड्यात बाहेरून आणलेली रोपं लावली. फोटो झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या रोपांच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. आणि चराच्या कडेला अर्धं मूळ राहिलेलं तरवड परत फुटून फुललेलं होतं, टँकरशिवाय. जे जगतंय ते उपटून जे मरणार ते लावायचं, यावर पैसा खर्च होतो याचा मला खरोखर राग येतो.

पण दुसऱ्या टोकालाही जायला नको. हे वाचून कुणी उत्साहानं सगळ्या माळावर तरवड पेरायला निघेल. तसं करू नका. तरवडाला शेळी-मेंढी सहसा तोंड लावत नाही, म्हणूनच जास्त चरलेल्या माळावर ते वाढत जातं. माळ नुसत्या तरवडानं पिवळा झाला असेल तर समजायचं की गवताला उसंत मिळालेली नाही. माळ गवताचा आहे, पवन्याचा, मारवेलचा, कुसळीचा. तिथं तरवड पाहुण्यासारखं असावं. मी परस, कुंपण आणि बांध म्हणतोय ते त्यासाठी.

कृषी पदवीधर मित्रांसाठी एक. तरवड शेंगवर्गीय आहे म्हणून ते हवेतला नत्र बांधतं असं धरून चालू नका. मूळ उकरून बघा, गाठी सापडायच्या नाहीत. सेन्ना कुळात त्या होत नाहीत. तरीही त्याचा पाला खताला चांगला. तमिळनाडूकडं भातखाचरात तरवडाचा पाला गाडायची जुनी पद्धत आहे, चोपण जमिनीतही वापरतात. म्हणजे नत्र ते हवेतून आणत नाही, खोलातलं ओढून पानात आणून देतं. मी छाटणीचा पाला शेवग्याच्या आळ्यात टाकतो.

आता लावायचं कसं. खरं तर यात शिकवण्यासारखं फार नाही. जानेवारीच्या आसपास वाळून तपकिरी झालेल्या शेंगा तोडा. एका शेंगेत डझनभर तरी बिया निघतात. किडलेल्या, भोक पडलेल्या फेकून द्या. बीचं कवच कडक असतं, तसंच पेरलं तर काही या वर्षी उगवेल, काही पुढच्या. म्हणून वाळूबरोबर गोणपाटात घालून चांगलं घासा, किंवा चुलीवरून उतरवलेल्या कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे फुगलं ते पेरायचं, न फुगलेलं परत घासायचं. उकळत ठेवायचं नाही, बी शिजेल.

पेरायचं शक्यतो जागेवरच. जूनचा पहिला वापसा झाला की खुरप्यानं बोटभर खोल दोन-तीन बिया. रोप करायचंच असेल तर लांब पिशवी घ्या आणि हातभर व्हायच्या आत लावून टाका, नाहीतर सोटमूळ पिशवीत वेटोळं घालतं आणि त्या झाडाची दुष्काळ सोसायची ताकद तिथंच संपते. माळावरचं मोठं झाड उपटून आणून लावायचा नाद करू नका, नव्वद टक्के वेळा फक्त मजुरी होते. दोन झाडांत चार फूट ठेवा, दाट कुंपण पाहिजे असेल तर दोन फूट. मुरूम, चुनखडी, दगडगोटे काहीही चालतं. चालत नाही ते पाणी साचलेलं काळं रान आणि दाट सावली. न्हाणीघराच्या पाण्याच्या वाटेवर लावू नका, ती जागा केळीची आणि अळूची. शेणखतही देऊ नका. जास्त पोसलं की नुसता पाला वाढतो.

पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एक कळशी पाणी दिलं तर बरं. त्यापुढं काही नाही. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी फूल धरतं. झाड कमरेच्या वर, कधी डोक्याएवढं होतं. बुंध्यात उघडं-बोडकं दिसायला लागलं की पावसाच्या तोंडावर गुडघ्याएवढं ठेवून छाटा, घुमटासारखं भरून येतं. परसात वांग्याच्या वाफ्यापासून पाच-सात फुटांवर, उन्हाच्या बाजूला, दोन-तीन झाडं पुरे.

आणि शेजारी जुन्या बांबूचे दोन-चार तुकडे, एखादं वाळकं शेवग्याचं खोड छपराखाली कोरड्यात ठेवा. सुतार भुंगा त्यात घर करतो. तो घराच्या वाशाला भोक पाडतो म्हणून लोक रॉकेल ओतून मारतात. त्याला स्वतःचं लाकूड दिलं तर बऱ्याचदा तुमचा वासा सोडतो.

औषधाचं विचारणारे खूप असतात, म्हणून लिहितो. तमिळनाडूत वाळवलेल्या फुलांचा काढा चहासारखा घेतात, बाजारात पाकिटं मिळतात. आपल्याकडंही "शुगरवर रामबाण" म्हणून सांगत फिरणारे आहेत. कुणी आपल्या मनानं शुगरची गोळी बंद करून तरवडाचा काढा सुरू करू नये. फूल बघायला लावा, भुंग्यासाठी लावा, गोळी डॉक्टरांना विचारूनच.

माझ्या उगवतीच्या बांधावरच्या शेंगा या हिवाळ्यात पुरेशा धरतील असं दिसतंय. संक्रांतीनंतर काढीन. आमच्या भागातल्या कुणाला पाहिजे असतील तर घरी येऊन ओंजळभर न्या, पैसे नाहीत. लांबच्यांनी माझ्याकडून मागवू नका, आपल्याच गावच्या माळावरचं बी घ्या. तुमच्या पावसाला, तुमच्या मुरमाला ते आधीच सरावलेलं असतं. आणि सगळ्या शेंगा ओरबाडू नका, झाडावर निम्म्या राहू द्या.